कुंपणाबाहेरच्या माणसाला काय माहीत असते?

७ मे २०२० च्या पहाटे तीनच्या सुमारास विशाखापट्टणमच्या आर. आर. वेंकटापुरम या वस्तीतील माणसे गाढ झोपेत होती आणि वस्तीला लागून असलेल्या एलजी पॉलिमर्स कंपनीच्या आवारातील एका मोठ्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडू लागली होती. कोणी डोळ्यांची आग होऊन जागे झाले, कोणी उग्र वासाने, तर कोणी शेजाऱ्याने दार बडवल्यामुळे. माणसे मुलांना उचलून अंधारात धावत सुटली आणि धावताना त्यांतली काही रस्त्यातच कोसळली. दारे फोडून आतल्या बेशुद्ध माणसांना बाहेर काढावे लागले. या गळतीने बारा जणांचा बळी घेतला, शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले, गोठ्यांतली जनावरे मेली. आणि या सगळ्यात जी एक गोष्ट सर्वांत आधी व्हायला हवी होती ती झालीच नाही: कारखान्याचा भोंगा वाजला नाही.

आंध्र प्रदेश सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने दोन महिन्यांनी जो अहवाल दिला, त्यात या भोंग्याची नोंद आहे. तो सुरू करण्याची सोय कारखान्यात ३६ ठिकाणी होती, प्रवेशद्वारापाशीही होती, तरीही तो वाजवला गेला नाही. तांत्रिक दोषांची यादी या अहवालात मोठी आहे आणि ती महत्त्वाचीही आहे. परंतु कुंपणाबाहेर राहणारी एक बाई म्हणून माझे लक्ष त्या न वाजलेल्या भोंग्यावरच खिळून राहते, कारण कारखान्याच्या आत काय चालते यावर माझे काहीही नियंत्रण नसते, मात्र आतून बाहेर निरोप येतो की नाही यावर माझे आणि माझ्या घरच्यांचे जगणे अवलंबून असते.

माझे घर ठाणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक पट्ट्यात आहे. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या बाजूला राहणाऱ्या कोणालाही रात्रीचा केमिकलचा वास नवा नाही. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीत प्रोबेस या कंपनीत झालेला स्फोट आणि २३ मे २०२४ रोजी त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये झालेला स्फोट इथले लोक विसरलेले नाहीत. स्फोटाचा निदान आवाज होतो, काचा फुटतात, आकाशात धूर दिसतो आणि काहीतरी घडले आहे हे सर्वांना एकाच क्षणी कळते. वायूगळतीचे तसे नसते. ती गुपचूप घरात शिरते, आणि नेहमीचाच वास म्हणून कूस बदलून झोपणारी माणसे तिच्या तावडीत आधी सापडतात. रोजच्या दुर्गंधीची सवय लागणे हा औद्योगिक वस्तीतला फार मोठा धोका आहे असे माझे मत आहे आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही.

विशाखापट्टणमला नेमके काय झाले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात अद्भुत असे काहीच नाही. स्टायरीन हा थर्माकोल आणि तऱ्हेतऱ्हेचे प्लास्टिक बनवण्याचा द्रवरूप कच्चा माल. त्याचे रेणू आपणहून एकमेकांना जोडले जातात, तसे होताना उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने ही जोडणी आणखी वेगाने होऊ लागते. म्हणून ते थंड ठेवावे लागते आणि त्यात टर्शरी ब्युटाइल कॅटेकॉल नावाचे, ही क्रिया रोखून धरणारे रसायन ठराविक प्रमाणात मिसळावे लागते. मार्चअखेरीपासून टाळेबंदीमुळे कारखाना बंद होता, पण टाकी भरलेली होती. थंड करणारी यंत्रणा दिवसा चालवून संध्याकाळी बंद केली जात असे. डिसेंबर २०१९ मध्ये टाकीच्या नळजोडणीत केलेल्या बदलामुळे आतला द्रव नीट ढवळला जात नव्हता, त्यामुळे वरचा थर तापत गेला आणि तापमान मोजणारे साधन मात्र तळाजवळच होते. क्रिया रोखणाऱ्या रसायनाचा साठाही कारखान्यात नव्हता. यातली प्रत्येक गोष्ट एखाद्या जागरूक पर्यवेक्षकाला दिसू शकली असती, आणि बंद कारखाना म्हणजे सुरक्षित कारखाना या समजुतीने ती कोणालाही दिसली नाही.

गळतीची बातमी फुटल्यावर केंद्र सरकारने राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पुण्यातील तुकडीतून रासायनिक आपत्तीचे प्रशिक्षण घेतलेले जवान आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतून तज्ज्ञ पाठवण्याचा निर्णय घेतला. टाकी शांत करण्यासाठी लागणारे रसायन गुजरातमधून विमानाने नेण्यात आले. हे सर्व योग्यच झाले आणि पुढचा अनर्थ टाळण्यासाठी ते आवश्यकही होते. परंतु पुण्याहून, नागपुरातून किंवा गुजरातेतून निघालेली मदत कितीही तातडीने निघाली तरी पहाटे तीन ते चारच्या दरम्यान वेंकटापुरमच्या गल्लीत पोहोचू शकत नाही. त्या तासात तिथे होते ते फक्त शेजारी आणि जवळच्या ठाण्यातले पोलीस. जे वाचले ते बहुतांशी एकमेकांना उठवल्यामुळे वाचले.

दुसऱ्या रात्री पुन्हा गळती सुरू झाल्याची बातमी पसरली आणि कितीतरी अधिक परिसरातले लोक घरे सोडून रस्त्यावर आले. किती अंतरापर्यंतच्या लोकांनी निघायचे, कोणी निघायची गरज नाही, याबद्दल वेगवेगळे आकडे लोकांच्या कानावर येत होते. पहिल्या रात्री माहिती अजिबात नव्हती आणि दुसऱ्या रात्री ती एकवाक्यतेने मिळत नव्हती. ही दुसरी अवस्था आमच्यासारख्या पट्ट्यात अगदी ओळखीची आहे. रात्री वास वाढला की वसाहतीच्या व्हॉट्सॲप समूहावर एक जण खिडक्या घट्ट लावा म्हणून सांगतो, दुसरा सगळ्या उघडून हवा खेळती ठेवा म्हणतो, तिसरा गाडी काढून स्टेशनकडे निघालेला असतो, आणि चौथा कुठल्यातरी जुन्या दुर्घटनेचे छायाचित्र आत्ताचे म्हणून पाठवतो.

भोपाळचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे जाऊ शकत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ई-६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि तिच्यातील सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बहुतांशी वायूरूपाने शहरावर पसरले. तिथे भोंगा वाजला होता, पण काही मिनिटांतच बाहेरच्या लोकांसाठीचा भोंगा बंद करण्यात आला आणि तो पुन्हा सलग वाजू लागला तेव्हा रात्रीचे दोन वाजत आले होते. तोवर शेजारच्या झोपड्यांमधली माणसे वायू जाईल त्याच दिशेने धावत होती. धावणारा माणूस जोराजोराने श्वास घेतो, म्हणजे विष अधिक घेतो. आणि हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत राहतो, म्हणून लहान मुलांच्या वाट्याला तो जास्त येतो. मिथाइल आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होते, त्यामुळे तोंडावर ओले फडके धरून वाऱ्याच्या दिशेला आडवे जात बाजूला हटणे एवढ्याने कित्येकांचा जीव वाचू शकला असता. ही माहिती कारखान्याला आधीपासून असणार हे उघड आहे. ती भिंतीपलीकडच्या माणसाला कोणी दिली नव्हती.

त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर गुलाम दस्तगीर हे उपस्थानक अधीक्षक कामावर होते. घसा आणि डोळे जळत असताना, वायू कुठून येतो आहे याची पुरती कल्पना नसताना त्यांनी फलाटावर माणसांनी भरून उभी असलेली गोरखपूरची गाडी वेळेची वाट न पाहता सोडून दिली आणि आजूबाजूच्या स्थानकांना भोपाळकडे येणाऱ्या गाड्या थांबवायला सांगितले. त्या वायूने त्यांच्या प्रकृतीची कायमची हानी केली आणि २००३ मध्ये ते गेले. त्यांच्या हातात ना वायूची माहिती होती, ना कोणाचा आदेश. जे माहीत होते त्यावर त्यांनी लगेच कृती केली, आणि ज्यांच्याकडे पूर्ण माहिती होती ते कारखान्यातले लोक त्याच वेळी पोलिसांना फोनवर काही विशेष नाही असे सांगत होते, असे त्या रात्रीच्या हकिकतींमध्ये नोंदलेले आहे. या दोन वागणुकींमधले अंतर मला फार अस्वस्थ करते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण कॅनडातले आहे आणि ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. १० नोव्हेंबर १९७९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास टोरांटोच्या शेजारच्या मिसिसागा शहरातून जाणारी एक मालगाडी एका डब्याच्या चाकाचे बेअरिंग तापून निकामी झाल्याने रुळांवरून घसरली. प्रोपेनच्या टाक्यांचे स्फोट झाले आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या एका टाकीतून क्लोरीन गळू लागला. त्या टाकीत सुमारे ९० टन क्लोरीन होता. पोलीस ध्वनिक्षेपक घेऊन गल्लीगल्लीत फिरले, दारोदार गेले. सगळे शहर एकदम बाहेर काढण्याऐवजी वारा ज्या बाजूला वाहत होता तिकडची वस्ती आधी हलवली आणि वारा फिरला तशी पुढची. रुग्णालये आणि वृद्धाश्रमसुद्धा रिकामे करण्यात आले. चोवीस तासांच्या आत दोन लाखांहून अधिक माणसे घराबाहेर काढली गेली, बहुतेकांना परतायला जवळपास आठवडा लागला, आणि त्या दुर्घटनेत एकही माणूस मरण पावला नाही. तिथले प्रशासन श्रीमंत होते, रस्ते रुंद होते, घरोघरी गाड्या होत्या, हे सर्व मान्य. पण कोणाला आधी हलवायचे हे वारा पाहून ठरवायला श्रीमंती लागत नाही. एक शहाणा निर्णय घेणारा माणूस आणि त्याचे म्हणणे एकाच आवाजात सगळीकडे पोहोचवणारी यंत्रणा लागते.

आता पळायचे की घरातच थांबायचे, या प्रश्नाकडे येते. या एका प्रश्नावर आमच्या वसाहतीत जितकी चर्चा झाली तितकी दुसऱ्या कशावरही झाली नाही, आणि त्याचे एकच एक उत्तर नाही हे लोकांना पटायला वेळ लागला. गळती थोड्या वेळात आटोक्यात येणारी असेल, वायूचा ढग जवळ येऊन ठेपला असेल, आणि आपण पक्क्या बांधणीच्या घरात असू, तर बहुतेक वेळा आतच थांबणे अधिक सुरक्षित असते. खिडक्यादारे लावावीत, एसी, कूलर आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन बंद करावा, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल सारावा, कारखान्याच्या विरुद्ध बाजूची, कमी खिडक्यांची खोली निवडावी. वायू जड असेल तर वरचा मजला खालच्यापेक्षा बरा. ज्वलनशील वायूची शंका असेल तर शेगडी, देवाजवळचा दिवा, उदबत्ती विझवावी आणि विजेच्या बटणांना हात लावू नये. ढग निघून गेल्याचे अधिकृतपणे कळले की मग मात्र घरात बसून राहू नये. दारे-खिडक्या सताड उघडून बाहेर यावे, कारण तोवर जो थोडा वायू आत आलेला असतो तो बंद घरातच कोंडून राहतो.

बाहेर पडायचेच झाले तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघावे. कारखान्यापासून दूर जायचे म्हणून माणूस सरळ मागे धावतो आणि वाराही बहुधा तिकडेच वाहत असतो. ढगाचा पट्टा लांब असला तरी रुंदीला बेताचा असतो, म्हणून आडवे गेलेला माणूस त्यातून लवकर सुटतो. वारा कुठून कुठे वाहतो आहे हे कारखान्यांच्या छतावर लावलेल्या विंडसॉकवरून, म्हणजे वाऱ्याने फुगणाऱ्या कापडी नळीवरून, कळते, पण रात्री तो बाहेरून दिसेलच असे नाही. देवळाच्या कळसावरचा झेंडा, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, धुराड्यातला धूर यांवरूनही ते कळते आणि एवढे पाहायला लहान मुलाला शिकवता येते. एक गोष्ट मात्र आवर्जून लक्षात ठेवली पाहिजे: भोपाळ आणि विशाखापट्टणम या दोन्ही गळत्या रात्रीच्या होत्या. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि स्थिर असते, वरच्या हवेत सहज मिसळत नाही, त्यामुळे वायू पातळ न होता खालीच पसरत राहतो. दिवसा उन्हाने तापलेली हवा जे काम करते ते रात्री होत नाही.

ओल्या फडक्याबद्दलही थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तो सर्वांवर चालणारा उपाय आहे असा समज पसरलेला आहे. बर्फाच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत वापरला जाणारा अमोनिया पाण्यात भरपूर विरघळतो, म्हणून तिथे ओले फडके खरोखर उपयोगी पडते. जलशुद्धीकरण केंद्रात असणाऱ्या क्लोरीनच्या बाबतीत त्याचा काही प्रमाणात उपयोग होतो. स्टायरीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तिथे फडक्याच्या भरवशावर ढगात थांबणे घातक ठरेल. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून त्याच्या गळतीत उंचावर जावे. शुद्ध अमोनिया वायू हवेपेक्षा हलका असला तरी दाबाखालच्या टाकीतून तो थंड धुक्यासारखा बाहेर पडतो आणि सुरुवातीला जमिनीलगतच पसरतो. म्हणजे शेजारच्या कारखान्यात नेमके कोणते रसायन आहे हे ठाऊक नसेल, तर घरातल्या माणसाने काय करायचे ते ठरवताच येत नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. ही माहिती गळतीच्या रात्री मिळून उपयोगाची नाही. ती आधी, शांतपणे, लोकांना समजेल अशा मराठीत आणि परप्रांतातून आलेल्या कामगारांना समजेल अशा हिंदीत मिळायला हवी.

आणि कायद्याने ती मिळायचीच आहे. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १९८९ मध्ये धोकादायक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यासंबंधीचे नियम झाले. या नियमांनुसार मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने आपल्या आवारासाठी आपत्कालीन आराखडा करायचा असतो आणि सहा महिन्यांतून एकदा त्याची रंगीत तालीम घ्यायची असते. कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठीचा आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा आणि वर्षातून निदान एकदा त्याची तालीम घ्यायची. अपघात झाल्यास ज्यांना झळ पोहोचू शकते अशा बाहेरच्या लोकांना धोक्याचे स्वरूप काय आणि त्या वेळी काय करावे, काय करू नये, हे सांगण्याची जबाबदारी याच नियमांनी कारखान्यावर टाकलेली आहे. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गट नेमायला सांगितले. स्थानिक गटाचे अध्यक्ष प्रांताधिकारी असतात आणि त्यात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, पोलीस, डॉक्टर, समाजसेवक, स्थानिक वृत्तपत्राचे संपादक अशांनाही जागा दिलेली आहे. लोकांना आधीपासून शिकवून तयार ठेवणे हे या गटाच्या कामांपैकी एक आहे.

आमच्या भागात असा गट आहे का, असल्यास त्यात कोण आहेत आणि त्यांची शेवटची बैठक कधी झाली, हे आम्ही संबंधित कार्यालयाला लेखी विचारले. पोच मिळाली, उत्तर आले नाही. मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला. त्यावर आराखडा गोपनीय असल्याचे कळवण्यात आले. आराखड्यातला काही तपशील, म्हणजे कोणत्या टाकीचा कोणता नळ कुठे आहे वगैरे, सुरक्षेच्या कारणाने उघड करता येत नसेल हे मी समजू शकते. परंतु आमच्या घरांपासून जवळच्या कारखान्यात कोणत्या रसायनाचा धोका आहे आणि भोंगा वाजला तर आम्ही कुठल्या शाळेकडे जायचे, हे आमच्यापासूनच गोपनीय ठेवून कोणाचे संरक्षण होते? ज्या माणसाच्या जिवासाठी आराखडा केला त्यालाच तो माहीत नसेल तर तो आराखडा कपाटात आहे की नाही याने काहीच फरक पडत नाही.

उत्तराची वाट पाहताना वसाहतीने आपल्या आवाक्यातली काही कामे केली, ती इतरांना उपयोगी पडतील म्हणून लिहिते. प्रत्येक इमारतीतल्या अंथरुणाला खिळलेल्या, व्हीलचेअरवरच्या, ऑक्सिजनवर असलेल्या आणि दम्याच्या रुग्णांची यादी केली आणि त्या प्रत्येकाच्या नावापुढे त्याच मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांची नावे लिहिली. गणेशोत्सव मंडळाचा ध्वनिक्षेपक बॅटरीवर चालेल अशी सोय करून तो वर्षभर सुरक्षारक्षकांच्या खोलीत ठेवायचे ठरले, कारण अशा प्रसंगी वीज असेलच असे नाही आणि रात्री फोन आवाज बंद करून झोपणारे पुष्कळ असतात. शेजारच्या मशिदीच्या आणि देवळाच्या विश्वस्तांशी बोलून त्यांचे भोंगेही सूचनेसाठी वापरायला मिळतील असे नक्की करून घेतले. दोघांनीही एका शब्दात होकार दिला. समूहावर अशा वेळी फक्त तिघांनीच लिहायचे, बाकीच्यांनी वाचायचे, असा नियम केला. ११२, १०१, १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक प्रत्येक जिन्यात लावले. २०२३ मध्ये मोबाईलवर मोठा आवाज करून जो चाचणीचा आपत्कालीन संदेश देशभरात पाठवला गेला होता, ती सोय औद्योगिक पट्ट्यातल्या गळतीसाठी गल्लीपर्यंत नेमकेपणाने वापरता आली तर फार मोठे काम होईल, पण तोवर ध्वनिक्षेपक हाताशी असलेला बरा.

आमची ही तयारी पक्क्या इमारतींतल्या लोकांची आहे, हे मला पूर्ण ठाऊक आहे. कारखान्याच्या भिंतीला अगदी टेकून जी वस्ती आहे तिथे पत्र्याची घरे आहेत, भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट आहे. तिथल्या बाईला खिडक्या बंद करून आत थांबा असे सांगण्याला काही अर्थ नाही. भोपाळमध्येही सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मेली ती कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरसारख्या झोपडवस्तीतली माणसे. अशा वस्तीसाठी जवळची एखादी पक्की इमारत, महापालिकेची शाळा किंवा समाजमंदिर, आधीच ठरवून ठेवले पाहिजे, त्याच्या खिडक्यांची तावदाने धड असली पाहिजेत आणि रात्री त्याची चावी कोणाकडे असते हे वस्तीतल्या चार घरांना माहीत असले पाहिजे. शाळांचाही वेगळा विचार हवा. डिसेंबर २०२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडजवळ कंपनीतून आलेल्या वायूचा त्रास शाळेतल्या मुलांना झाला, त्या वेळी पालकांची जी धावपळ झाली ती पाहता, मुलांना वर्गातच थांबवायचे की हलवायचे हा निर्णय मुख्याध्यापकांवर ऐनवेळी टाकणे अन्यायाचे आहे.

वायूची बाधा झालेल्या माणसाबद्दल दोनच गोष्टी सांगते. डोळे जळत असतील तर ते निदान पंधरा मिनिटे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि अंगावरचे कपडे बदलावेत. आणि क्लोरीनसारखा वायू श्वासात गेलेला असल्यास, आता बरे वाटते आहे म्हणून त्या माणसाला चालत घरी पाठवू नये, कारण फुप्फुसात पाणी साठण्याचा त्रास कित्येकदा काही तासांनंतर सुरू होतो. अशा माणसाला स्वस्थ बसवून डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे.

घरी परतण्याबाबतही स्पष्ट सूचना मिळायला हवी. विशाखापट्टणमला झाडांची पाने करपून काळी पडली होती, तिथल्या पाण्याचे, मातीचे नमुने तपासावे लागले, आणि त्या शहरात साठवलेले सुमारे १३,००० टन स्टायरीन जहाजांनी दक्षिण कोरियाला परत पाठवावे लागले. उघडे राहिलेले अन्न आणि पाणी टाकून द्यावे, परसातली भाजी तपासणीशिवाय खाऊ नये, हे लोकांना कोणीतरी सांगायला हवे. भोंग्याचा चढउताराचा आवाज धोक्याचा आणि सलग एकसुरी आवाज धोका टळल्याचा, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. पण ती कारखान्यागणिक बदलू शकते, आणि आमच्या शेजारी तर निरनिराळ्या कारखान्यांचे पाळी बदलण्याचे भोंगेही दिवसातून कितीतरी वेळा वाजतात. त्यातला कोणता आपल्यासाठी आहे हे ओळखता येत नसेल, तर तो वाजूनही उपयोग नाही.

म्हणून या महिन्यात वसाहत, भिंतीलगतची वस्ती आणि जवळच्या दोन शाळांचे पालक मिळून प्रांताधिकाऱ्यांना एक निवेदन देत आहोत. आराखड्याची प्रत आम्ही मागितलेली नाही. आसपासच्या कारखान्यांतल्या धोकादायक रसायनांची नावे, प्रत्येकासाठी थांबायचे की निघायचे याची सूचना, आश्रयासाठीच्या इमारतींची नावे आणि भोंग्याचा अर्थ एवढे एका पानावर छापून घरोघरी द्यावे, अशी मागणी आहे. त्याबरोबरच वस्तीची रंगीत तालीम एकदा तरी रात्री घ्यावी असे आम्ही लिहिले आहे. आजवर आम्ही पाहिलेल्या तालमी सकाळी अकराला, कारखान्याच्या फाटकाच्या आत, निमंत्रित अधिकाऱ्यांसमोर झाल्या. पहाटे तीनला, पत्र्याच्या घरातून, झोपलेल्या मुलाला कडेवर घेऊन शाळेच्या दारापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो हे आम्हाला घड्याळ लावून मोजून पाहायचे आहे, आणि त्या वेळी शाळेच्या दाराशी चावी घेऊन कोण उभे असेल त्याचे नावही त्या पानावर छापून हवे आहे.